बारावा रविवार, तेरावा रविवार

*"जय येशू, मावशी. मी अचलपूर तालुक्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. वय ५४. आमची ख्रिस्ती घरं थोडी, पण चर्च जुनं. करोनाच्या आधी रविवारच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, बसायला जागा नसायची, पोरं बाहेर ओट्यावर बसायची. आता मोजून अकरा माणसं असतात. नाताळ अन् ईस्टरला पुण्या-नागपूरचे सगळे येतात, फोटो काढतात, जातात. यंदाचं ईस्टर झालं, पेन्टेकॉस्टचा सण झाला, आता पुन्हा सणांच्या मधला सामान्य काळ. थेट नाताळाआधीच्या आगमनकाळापर्यंत बहुतेक हिरवे रविवार, फादरांचा झगा हिरवा. फादर नवे आहेत, केरळचे, त्यांचं मराठी अजून कच्चं. मुलगा म्हणतो, आई, घरी बसून यूट्यूबवर वसईची मिस्सा बघ. घंटासुद्धा आता मीच वाजवते, कारण वाजवणारे दादा दुसऱ्या लाटेत गेले. त्यांच्या घरचे तर त्यानंतर फिरकलेसुद्धा नाहीत. दर रविवारी कुलूप उघडते, झाडते, सतरंज्या टाकते आणि मनात येतं, हे कशासाठी? सगळं पूर्वीसारखं झालं म्हणतात, मग मलाच त्यात अर्थ का वाटत नाही? एकटीनं किती ओढायचं? चावी फादरांना देऊन टाकू का?"*

*— एक बहीण, अचलपूर तालुका*

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच जागी अडकले. अकरा माणसांवर नाही, फादरांच्या मराठीवरही नाही. "वाजवणारे दादा दुसऱ्या लाटेत गेले" एवढं लिहून तुम्ही पुढे निघून गेलात. आणि लगेच पुढचं वाक्य तक्रारीचं: त्यांच्या घरचे फिरकलेसुद्धा नाहीत.

मला सांगा, दादा गेले तेव्हा घंटा कोणी वाजवली?

तुमच्या गावात खरी ओतीव घंटा आहे की कडुलिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा, हे मला माहीत नाही. आपल्याकडच्या खेड्यांत दोन्ही पाहिलेत. पण मयतीचे टोले कसे असतात ते तुम्हालाही माहीत आहे. एक टोला, मग थांबणं, तो आवाज पार विरून जाईपर्यंत थांबणं, मग दुसरा. मिस्साची घंटा चर्चच्या माणसांसाठी असते, मयतीची सगळ्या गावासाठी. पऱ्हाटीत डवरणी करणारा माणूस, मग तो कोणत्याही देवाचा असो, बैल उभे करतो आणि धुऱ्यावरच्या बाईला विचारतो, "कोन गेलं व?" दादांनी गावातल्या किती मयतांसाठी असा दोर ओढला असेल? कोणाची आजी, कोणाचं आठ दिवसांचं लेकरू. तुमच्या सासू-सासऱ्यांसाठीही बहुतेक त्यांनीच ओढला असेल. आणि ते स्वतः गेले तेव्हा तुमच्या गावात काहीच वाजलं नाही. हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण वाजलं असतं तर तुम्ही लिहिलं असतं, आणि त्यांचं घर तुटलं नसतं.

"ताई, तुम्ही एकट्या किती करता" असं मी लिहावं, अशी तुमची अपेक्षा असेल. तुम्ही करता, ते दिसतंय. पण आज मी ते लिहिणार नाही.

तो काळ मलाही आठवतो. बाकी महाराष्ट्र लग्नांना जात होता तेव्हा आपल्याकडे, अमरावती आणि अचलपूरला, २२ फेब्रुवारी २०२१ पासून पुन्हा कुलूप लागलं होतं. ४ एप्रिलला ईस्टर झालं आणि दुसऱ्याच दिवसापासून राज्यभरची प्रार्थनास्थळं बंद झाली, ती थेट ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी उघडली. ह्या सहा महिन्यांत जे गेले त्यांना चर्चमध्ये नेता आलं नाही. तो नियम होता, त्यात तुमचा दोष नाही.

पण नियम नेमका कुठवर होता आणि भीती कुठून सुरू झाली, हे एकदा स्वच्छ पाहू. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने मार्च २०२० मध्येच लेखी सांगितलं होतं की देहाला हात न लावता धर्मग्रंथातलं वाचन करता येईल, पवित्र पाणी शिंपडता येईल, घरच्यांना चेहरा दाखवता येईल. अंत्यविधीला वीस माणसांपर्यंत परवानगी होती. एप्रिल २०२१ च्या आदेशात प्रार्थनास्थळं बाहेरच्या लोकांसाठी बंद होती, पण आत सेवा करणाऱ्यांनी आपलं काम चालू ठेवायला हरकत नव्हती. म्हणजे घंटेवर बंदी नव्हती, ताई. दोर ओढायला मयताच्या जवळही जावं लागत नाही. त्या दिवशी ते कोणाला सुचलं नाही, कारण सगळे घाबरलेले होते. मीसुद्धा.

माझी मोठी जाऊ त्याच एप्रिलमध्ये गेली. रात्री अकराच्या सुमारास चौघांनी तिला पुरलं. मी कब्रस्तानाच्या फाटकाशी ऑटोत बसून राहिले. ऑटोतूनच क्रुसाची खूण केली आणि स्वतःला सांगितलं की मी आले होते. तीन वर्षांनी पुतण्या सहज बोलता बोलता म्हणाला, "काकू, तुम्ही ऑटोतून उतरल्या नव्हत्या ना." तो रागानं बोलला नव्हता. त्याच्या लक्षात होतं, इतकंच. तेव्हा मला कळलं की ज्या घरात मयत होते त्या घरात न आलेल्यांची नावं पाठ असतात. तुम्ही दर रविवारी आलेले अकरा मोजता. दादांच्या घरात पाच वर्षांपासून न आलेले मोजले जातायत, आणि त्या मोजणीत तुम्ही आहात.

बाकीच्या गोष्टी भरभर उरकते. फादर केरळचे आहेत, मराठी शिकतील. त्यांना दर आठवड्याला चार ओळी मोठ्यानं वाचायला बसवा, तुम्हाला शिकवायची सवय आहेच. नाताळला येणाऱ्या पोरांवर रागावू नका, ती आईबापांना भेटायला येतात, तेही चर्चचंच काम आहे. मुलाला सांगा, यूट्यूबची मिस्सा आजाऱ्याला आधार देते. तुमचे पाय चालतात.

आता सामान्य काळाबद्दल, कारण तुम्ही त्या शब्दावर फार कष्टी झाल्यात. ह्या काळाच्या लॅटिन नावात 'सामान्य' नाहीच. ते नाव आहे 'तेंपुस पेर आनुम', म्हणजे वर्षभर चालणारा काळ. वर्षातले तेहतीस किंवा चौतीस आठवडे त्यात जातात. ह्या रविवारांना पाम संडे किंवा ईस्टरसारखी नावं नसतात, क्रमांक असतात. आता जूनअखेरीला चालू आहेत ते बारावा आणि तेरावा.

बारावा आणि तेरावा. आपल्या भाषेत हे दोन आकडे काय आहेत, ते तुम्हाला सांगायला नको. आपण ख्रिस्ती माणसं बारावं-तेरावं घालत नाही, पण शेजाऱ्यांच्या घरी त्या दिवशी जाऊन बसतो, जेवतो, गेलेल्याबद्दल बोलतो. चार लोक घरात येऊन बसले म्हणजे त्या घराचं सुतक उतरतं, हे गावाला पिढ्यानपिढ्या माहीत आहे. आपल्यातही मयताच्या नावानं महिन्याची मिस्सा असते, वर्षाची असते, २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लागतात. ७ ऑक्टोबर २०२१ ला चर्च उघडलं, तेव्हा पुढच्या २ नोव्हेंबरला जेमतेम चार आठवडे होते. त्या वर्षी दादांच्या कबरीवर तुमच्यापैकी कोणी गेलं होतं का? त्यांच्या नावानं एक तरी मिस्सा झाली का? तेव्हापासून दोनशेच्या वर रविवार गेले. त्या प्रत्येक रविवारी तुम्ही त्यांचाच दोर हातात धरलात.

म्हणून मला वाटतं की तुमच्या चर्चमधून गेलेली गोष्ट म्हणजे गर्दी नव्हे. तुमच्या गावात एक मयत अर्धी राहिली आहे आणि तिच्याभोवती सगळे रविवार अडून आहेत. "सगळं पूर्वीसारखं झालं" असं लोक म्हणतात आणि तुम्हाला ते पटत नाही. तुम्हाला पटत नाही हेच बरोबर आहे.

आपल्या बायबलमध्ये तोबीतचं पुस्तक आहे. विषम सालांत, ह्याच सामान्य काळाच्या नवव्या आठवड्यात, रोजच्या मिस्साला त्यातली वाचनं लागतात. पेन्टेकॉस्टचा सण, ताट वाढलेलं, आणि मुलगा धावत येऊन सांगतो की आपल्यातल्या एकाला मारून चौकात टाकलंय. तोबीत ताटावरून उठतो, घास न घेता. प्रेत उचलून एका खोलीत ठेवतो, सूर्य मावळायची वाट पाहतो, मग खड्डा खणून पुरतो. शेजारी हसतात: ह्याच कामापायी ह्याला एकदा पळून जावं लागलं होतं, तरी पुन्हा तेच. हे वाचन चर्चने मोठ्या सणाला ठेवलेलं नाही. सोमवारच्या मिस्साला ठेवलंय, जिथे पाच माणसं असतात. दयेच्या सात कृत्यांत भुकेल्याला अन्न आहे, तहानलेल्याला पाणी आहे, आणि सातवं आहे मृताला मूठमाती. आपल्या दादांना माती मिळाली. आपली मूठ त्यात नव्हती.

म्हणून एकच गोष्ट करा. येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर कुलूप लावा आणि घरी न जाता दादांच्या घरी जा.

चर्चला या म्हणून बोलवायला जायचं नाही, हे नीट लक्षात ठेवा. "तुम्ही येत नाही आजकाल" हे वाक्य तोंडातून निघालं तर न गेलेलं बरं. घरात कोण आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. वहिनी असतील असं धरून चालते, नसतील तर सून असेल, मुलगा असेल. त्यांच्यासमोर बसा आणि विचारा, दादांचं शेवटी कसं झालं? दवाखान्यात कोण होतं, रात्री कोणाला फोन केले, गाडी कोणी आणली, पुरायला कोण गेलं? सगळं ऐका. मधे "तेव्हा परिस्थितीच तशी होती" म्हणू नका. परिस्थिती त्यांनी तुमच्यापेक्षा जवळून पाहिली आहे. त्या रडतील, किंवा बोलणार नाहीत, किंवा "पाच वर्षांनी आठवण आली का व बाई?" असं तोंडावर म्हणतील. तेव्हा एवढंच म्हणा: हो, फार उशीर झाला, माझी चूक झाली. चहा दिला तर प्या. नाही दिला तर पाणी मागा, पण घरातलं काहीतरी घेतल्याशिवाय उठू नका.

मग विचारा: वहिनी, दादांसाठी घंटा वाजली नाही. आता वाजवू का? दिवस तुम्ही सांगा, वेळ तुम्ही सांगा.

त्या 'नको' म्हणाल्या तर वाजवू नका. पुढच्या रविवारी पुन्हा जा, घंटेचं न बोलता, नुसत्या बसायला. 'हो' म्हणाल्या तर फादरांना सांगून त्या दिवशीची मिस्सा दादांच्या नावानं ठेवा. मयताची मिस्सा पाच वर्षांनीही होते, पन्नास वर्षांनीही होते. त्याला सणावाराची गरज नाही, पेरणीच्या दिवसांतला एखादा बुधवारही चालतो. अकरा माणसं आली तर अकरा. आदल्या दिवशी दोर तपासून घ्या, पावसाळ्यात सुती दोर भिजून जड होतो आणि कडीपाशी कुजतो. आणि मयतीचे टोले देता येत नसतील तर सराव करू नका, गाव दचकेल. दादांच्या मुलाला विचारा. घंटेवाल्याच्या पोराला ते येत असतं, लहानपणी बापाच्या पायाशी उभं राहून त्यानं मोजलेले असतात.

तुम्हाला भीती वाटेल, हे मला कळतं. पण २०२० च्या सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' आलं, तेव्हा तुम्ही अंगणवाडीच्या बायांनी काय केलं ते आम्ही पाहिलं आहे. तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार हिंडलात, लोक दारं लावून घेत होते तरी कडी वाजवलीत. कोणाला दम लागतो, कोण लपवतंय, हे तुम्हाला उंबऱ्यावरूनच कळायचं. तेव्हा तुम्हाला जिवाची भीती होती आणि तरी तुम्ही गेलात. ह्या घरात जायला तर फक्त लाज आड येते.

चावीचं आत्ता काही ठरवू नका. ती कमरेलाच राहू द्या आणि तशाच निघा. वाटेत पाऊस लागला तर थांबू नका, भिजलेल्या माणसाला कोणी दारातून परत पाठवत नाही. ओट्यावर चपला काढल्या की आतून आवाज येईल, "कोन व?" तुमचं नाव सांगा आणि म्हणा, दादांसाठी आले.

— मावशी