आधी ओढ, मग पत्रा: पावडर कोटिंग बूथची प्रश्नोत्तरे

पावडर कोटिंगमध्ये विजेने चार्ज केलेली कोरडी रंगाची पावडर गनने जॉबवर, म्हणजे रंगवायच्या वस्तूवर, मारतात ती बूथमध्ये आणि मग भाजतात ती भट्टीत. भट्टी बांधायची म्हटलं की लोक चार ठिकाणी विचारून बांधतात. बूथ मात्र उरलेल्या पत्र्यातून उभा राहतो आणि मग तक्रारी सुरू होतात. गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. गावांची नावं ठेवली आहेत, माणसांची काढली आहेत.

प्रश्न (शिरोली, कोल्हापूर): आमचं ग्रिल आणि लोखंडी फर्निचरचं फॅब्रिकेशन आहे. कोटिंग आजवर बाहेरून करून घेत होतो, आता छोटी गन घेतली. प्लायवूडच्या तीन भिंती, मागच्या भिंतीत 18 इंची एक्झॉस्ट फॅन आणि त्यापुढे फोम, असा बूथ करायचा विचार आहे. सर्वांत मोठा जॉब 3 बाय 4 फुटांचा. चालेल का?

नाही चालणार. पण का नाही, हे समजून घ्या, म्हणजे दुसरी चूक होणार नाही.

3 बाय 4 च्या जॉबभोवती हात फिरायला जागा हवी. म्हणून समोरचं तोंड 5 बाय 5 फूट धरा, खोली 4 फूट. तोंडाचं क्षेत्रफळ 25 चौरस फूट झालं. या तोंडातून हवा मिनिटाला साधारण 100 फूट वेगाने आत जात राहिली, तर पावडर बाहेर येत नाही. म्हणजे तुम्हाला 2500 सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट) हवा लागेल. वेग याहून बराच कमी झाला तर पावडर तुमच्या तोंडावर येते आणि फार वाढला तर जॉबवर बसायच्या आतच ओढली जाते. म्हणूनच सांगतो, तोंड उगाच मोठं ठेवू नका. दर जादा चौरस फुटाला 100 सीएफएमचा ब्लोअर लागतो.

आता तुमचा एक्झॉस्ट फॅन. त्याच्या लेबलवर आकडा मोठा दिसेल, पण तो मोकळ्या हवेतला असतो. पुढे फिल्टर आला की पात्यांचा पंखा जागच्या जागी फिरतो आणि हवा काही हलत नाही. फिल्टरमधून हवा खेचायला सेंट्रिफ्युगल ब्लोअरच लागतो. 2500 सीएफएम, 150 मिलिमीटर पाण्याचा दाब आणि 5 एचपीची मोटर, असं सांगून कोटेशन मागवा. ब्लोअर नेहमी फिल्टरच्या पलीकडे, स्वच्छ हवेच्या बाजूला. पावडर पंख्यातून जाताच कामा नये. एक्झॉस्ट फॅनची मोटर तर नेमकी पावडरच्या वाटेत बसलेली असते, ठिणगी तिथेच.

फोमही विसरा. पावडरचे कण साधारण 10 ते 100 मायक्रॉनचे. मोठे फोममध्ये अडकतात, बारीक पलीकडे जातात. माझा पहिला बूथ असाच होता, फोमऐवजी गोणपाट होतं इतकंच. मागच्या गाळ्यात मोटर रिवाइंडिंगचं काम चालायचं. एका सकाळी तो गृहस्थ वार्निश लावून वाळत ठेवलेली कॉइल हातात घेऊन आला. तिच्यावर आमच्या सिमेन्स ग्रे या राखाडी पावडरची पातळ साय धरली होती. काही बोलला नाही, कॉइल माझ्या टेबलावर ठेवून गेला. ती भरून द्यायला जो खर्च आला, त्यात मला तेव्हा दोन चांगले फिल्टर मिळाले असते.

तुमच्या मापाला प्रत्येकी साधारण 10 चौरस मीटर कापडाची 4 पॉलिस्टर कार्ट्रिज, म्हणजे घडीच्या कापडाचे नळकांडी फिल्टर, लागतील. ती झटकायला कॉम्प्रेसरच्या हवेचा पल्स, म्हणजे क्षणभराचा झोत. फिल्टर किती तुंबला हे बघायला महागडा गेज नको. गवंड्याकडचा पारदर्शक लेव्हल पाइप यू आकारात फळीवर ठोका, अर्धा पाण्याने भरा, एक तोंड फिल्टर आणि ब्लोअरच्या मधल्या डक्टला जोडा, दुसरं मोकळं सोडा. नव्या फिल्टरला दोन पातळ्यांत किती फरक आहे तिथे खूण करा. फरक वाढत जाऊन पल्स देऊनही खाली येईना, की फिल्टर बदला.

प्लायवूडऐवजी जीआय पत्रा, अँगलच्या सांगाड्यावर, आतून गुळगुळीत. कोपरे काटकोनात न ठेवता वळवून घेतलेत तर पुसायला सोपं. रोजच्या सफाईला खिडक्या पुसायचा रबरी वायपर पुरतो. ट्यूबलाइट बूथच्या बाहेर, काचेमागे. सगळी बटणंही बाहेर.

बूथ तयार झाला की पूजेच्या दिवशी, पावडरची पिशवी गाळ्यात यायच्या आधी, उदबत्तीचा धूर तोंडाच्या चारही कोपऱ्यांत धरून बघा. चारही ठिकाणी धूर सरळ आत गेला पाहिजे. एका कोपऱ्यात घुटमळला तर तिथून पावडर बाहेर येणार हे नक्की. मात्र पावडर आल्यानंतर उदबत्ती नाही. मग काठीला बांधलेला शिंप्याचा दोरा.

प्रश्न (सातपूर, नाशिक): पावडरचा स्फोट होतो असं व्हिडिओत पाहिलं. आमच्यासारख्या एका गनच्या बूथमध्येही होऊ शकतो का, की उगाच भीती घालतात?

होऊ शकतो. मात्र कधी होतो ते आकड्यात बघू.

पेटायला पावडर हवेत पुरेशी दाट असावी लागते. कंपनीगणिक हा आकडा बदलतो. पावडरच्या पत्रकात दिला नसेल तर घनमीटरला 20 ग्रॅम धरा आणि आपण त्याच्या निम्म्याखाली राहायचं. वरच्याच बूथचं उदाहरण घ्या. 2500 सीएफएम म्हणजे मिनिटाला साधारण 70 घनमीटर हवा. गन मिनिटाला 150 ग्रॅम पावडर सोडते असं समजा आणि त्यातली एक चिमूटही जॉबवर बसली नाही असं धरा. तरी घनमीटरला 2 ग्रॅमच्या थोडं वर जातं. काळजीचं कारण नाही.

आता ब्लोअर बंद पडला आणि पोरगा गन सोडतोच आहे. बूथच्या आत जेमतेम 2.8 घनमीटर हवा. 20 ग्रॅमच्या हिशेबाने 56 ग्रॅम पावडर पुरे. ती व्हायला 22-23 सेकंद लागतात. एवढ्या वेळात माणूस मागे वळून ब्लोअरचा आवाज आहे की नाही हेसुद्धा बघत नाही.

म्हणून गनचा सप्लाय आणि गनच्या हवेचा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) ब्लोअरच्या स्टार्टरमधून घ्या. ब्लोअर चालू असेल तरच गन चालू. ओळखीचा वायरमन अर्ध्या दिवसात करून देतो. नुसत्या कॉन्टॅक्टरवर, म्हणजे स्टार्टरमधल्या मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचवर, समाधान मानू नका, कारण बेल्ट तुटला तरी मोटर फिरतच राहते. डक्टमध्ये हवेच्या दाबाचा स्विच टाकून तोही त्याच साखळीत घ्या. या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा.

स्फोटाची खरी जागा बूथ नाही, फिल्टरची पेटी आहे. बूथचं तोंड तरी उघडं असतं. पेटी बंद, आणि प्रत्येक पल्सला आत ढग उठतो. ती घरी ठोकू नका. बनवणाऱ्याकडून घ्या, आणि स्फोटाचा दाब बाहेर सोडणारी झडप हिशेबाने बसवून मागा. झडपेचं तोंड भिंतीबाहेर, जिथे माणसांची ये-जा नाही अशा बाजूला.

ठिणगी मात्र बहुतेक वेळा परक्याची असते. एकाच शेडमध्ये पलीकडे ग्राइंडर चालू आणि इकडे गन चालू, असं मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की आता रागही येत नाही. मध्ये भिंत घाला किंवा वेळ वाटून घ्या. आणि बूथ कधीही एअर गनने झाडू नका. निवांत बसलेल्या पावडरचा ढग तुम्ही स्वतः तयार करता.

प्रश्न (वाळूज): बूथ नवा असताना पावडर छान धरायची. दोन महिन्यांनी अर्धी खाली पडते. गनवाल्याने गन तपासली, ती ठीक आहे. पावडर बदलली, तरी तेच.

हूक दाखवा. पत्रासोबतच्या फोटोत जॉब टांगलेला दिसतो, आणि हूक जॉबपेक्षा जाड झालेला आहे! दोन महिन्यांत त्याच्यावर तीस-चाळीस वेळा पावडर भाजली गेली. भाजलेली पावडर म्हणजे उत्तम इन्सुलेशन. जॉब अधांतरी लटकतो, गनमधून आलेला चार्ज जमिनीत जाऊ शकत नाही, आणि भरलेला जॉब पुढच्या पावडरला ढकलून देतो. वर तो जॉब एखाद्या अर्थ केलेल्या, म्हणजे तारेने जमिनीला जोडलेल्या, लोखंडाजवळ आला तर ठिणगी उडते, म्हणजे मागच्या उत्तरातली भीती इथेही लागू.

जॉब आणि अर्थ यांच्यामधला रोध 1 मेगाओहमच्या आत हवा. मोटरवाल्याकडचा 500 व्होल्टचा मेगर (मोठा रोध मोजायचं मीटर) आणा. एक टोक अर्थच्या पट्टीला, दुसरं जॉबला. तुमच्याकडे काटा हलणारच नाही, पैज लावतो. हूक जाळून किंवा घासून साफ करा. जॉब जिथे टेकतो ते टोक कानशीने धारदार ठेवा, म्हणजे ते थर कापून धातूला भिडेल. टांगायचा दांडाही तपासा, गंज आणि रंग तिथेही असतो.

हूक साफ करूनही फरक पडला नाही तर अर्थिंगचा खड्डा. मीठ-कोळशाचा खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडा पडतो. मराठवाड्यात तर पडतोच. आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. गनचं युनिट, बूथचा पत्रा, टांगायचा दांडा आणि फिल्टरची पेटी, चारही तांब्याच्या तारेने त्याच खड्ड्याला जोडलेले हवेत.

प्रश्न (चिपळूण): पावसाळ्यात गन थुंकते. मध्येच गोळा येऊन जॉबवर बसतो.

कॉम्प्रेसरचं पाणी. कोकणातल्या जुलैत टाकीच्या तळाचा कॉक दिवसातून एकदा उघडून भागत नाही. रेफ्रिजरेटेड ड्रायर घ्यावाच लागेल, त्यानंतर तेल पकडणारा फिल्टर. ड्रायरची ऐपत होईपर्यंत गनची लाइन हेडरच्या, म्हणजे हवेच्या मुख्य पाइपच्या, वरच्या अंगाने काढा, खालून काढली तर साचलेलं पाणी आधी गनमध्येच येतं. पावडरची पेटी भट्टीशेजारी ठेवू नका, उघडी पिशवी तोंड बांधून ठेवा. ओलसर पावडर गाळून थोडीफार सुधारते, गोळे मऊ असतील तर. कडक झाले असतील तर सोडून द्या.

प्रश्न (भोसरी): खाली पडलेली पावडर परत वापरता येते का? आणि झाडायला घरचा व्हॅक्यूम क्लीनर चालेल का?

व्हॅक्यूम क्लीनर नको. त्याच्या मोटरच्या ब्रशला ठिणग्या असतात आणि पिशवीतून बारीक पावडर परत गाळ्यात येते.

परत वापरायची असेल तर दिवसभर एकच रंग चालत असला पाहिजे. चाळून घ्या आणि 70 भाग नव्या पावडरीत 30 भागांपर्यंत मिसळा. वापरलेल्या पावडरीत बारीक कणांचं प्रमाण वाढलेलं असतं, नुसती तीच वापरली तर नीट बसत नाही. दिवसाला चार रंग करणाऱ्या छोट्या गाळ्याने या भानगडीत पडू नये. काळ्यात पांढऱ्याचे ठिपके आले की तो जॉब घासून परत करायचा खर्च वाचवलेल्या पावडरीपेक्षा जास्त. पडते किती, हे मात्र मोजा. साधारण 1.5 घनतेची 1 किलो पावडर 60 मायक्रॉन जाडीने लावली आणि सगळी बसली, तर 11 चौरस मीटर होतात. तुमचे 5-6 होत असतील तर चाळणी आणण्याआधी हूक आणि गनचं अंतर बघा. 8 ते 12 इंच असावं.

प्रश्न (म्हापसा): चॅनेलच्या आतल्या कोपऱ्यांत पावडर जातच नाही, कडांवर मात्र थर चढतो.

गन पूर्ण व्होल्टेजवर असेल. विद्युतक्षेत्र जवळच्या कडांना धरतं, खोल कोपऱ्यात शिरत नाही. 100 केव्हीवरून 50 वर या, हवा कमी करा, कोपरे आधी मारा, सपाट भाग नंतर.

प्रश्न (सांगली): काका, मी आणि मिस्टर मिळून गाळा चालवतो, गन माझ्याच हातात असते. रबरी हातमोजे घालूनही हात लावीन तिथे झटका बसतो. आणि साधा कापडी मास्क पुरतो का?

ताई, झटके त्या हातमोज्यांमुळेच बसतात. गनच्या मुठीला अर्थ दिलेला असतो आणि तुमचा तळहात तिला टेकला की तुमच्या अंगावरचा चार्जही तिथून उतरतो. मध्ये रबर आलं की तुम्हीच अधांतरी हूक झालात. गन धरायच्या हातमोज्याचा तळवा कापून टाका. पायात रबरी चप्पल नको, अँटिस्टॅटिक बूट घ्या. पायाखाली रबरी मॅट किंवा फ्लेक्सचा तुकडा अंथरला असेल तर तोही काढा. बांगड्या, चाव्यांचा जुडगा, मोबाइल बाहेर ठेवून आत जा.

कापडी मास्क पुरत नाही. एफएफपी2 दर्जाचा, नाकाशी घट्ट बसणारा मास्क वापरा. पावडर घेताना टीजीआयसी नसलेली मागा. बाहेरच्या वापराच्या पॉलिस्टर पावडरीत हे द्रव्य असू शकतं आणि ते प्रकृतीला घातक आहे. घरी जाताना अंगावरची पावडर हवेने उडवू नका. आधी गार पाण्याने हात-तोंड धुवा, गाळ्यातले कपडे गाळ्यातच ठेवा आणि वेगळे धुवा.