सत्तरीतल्या आई-बाबांना नाईलवरच्या क्रूझने देवळं दाखवायला न्यावं का?

हा बेत आखताना दोन प्रश्न पडतात: गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना इजिप्तमधली लक्झर ते अस्वान क्रूझ झेपेल का, आणि जिथं पूजा नाही, घंटा नाही अशा देवळांत त्यांचं मन रमेल का. मी माझ्या ७१ वर्षांच्या आईला जानेवारीत घेऊन गेलो होतो. माझं उत्तर: न्या.

आधी झेपण्याबद्दल. क्रूझचं सगळ्यात मोठं सुख म्हणजे बॅग एकदाच उघडायची. चार रात्री तीच खोली, दुपारी जेवून आडवं होता येतं आणि तोवर बोट पुढच्या गावाला लागलेली असते. त्रास दोन ठिकाणी झाला. धक्क्यावर बोटी एकमेकींना खेटून लावतात, त्यामुळे किनाऱ्यावर जायला कधी तीन-चार बोटींमधून, पायऱ्या आणि उंबरे ओलांडत जावं लागतं. दुसरं म्हणजे लक्झरजवळच्या राजांच्या दरीतली फॅरोंची थडगी: आत उतार आणि कोंदट हवा. तिकिटात तीन थडगी पाहता येतात, तुतनखामुनचं तिकीट वेगळं. आई दोन पाहून सावलीत बसली, काही बिघडलं नाही. अबू सिंबेलची देवळं आम्ही सोडली. अस्वानहून रस्त्यानं एका बाजूचं अंतर जवळजवळ २८० किलोमीटर, आणि निघायचं पहाटे अंधारात. त्याची मला अजून हळहळ वाटते. जमत असेल तर विमानानं जा.

आता मन रमण्याबद्दल. लक्झरच्या कर्नाक देवळातल्या १३४ खांबांच्या मंडपात आई नुसती मान वर करून फिरली. भव्य आहे, पण तिला ते परकं वाटलं. एडफूला मात्र चित्र पालटलं. ससाण्याच्या तोंडाच्या होरस देवाचं हे देऊळ इ.स.पू. २३७ ते ५७ असं १८० वर्षं बांधलं जात होतं. नंतर ते वाळूत गाडलं गेलं, म्हणूनच छपरासकट टिकलं. उजेडाच्या अंगणातून खांबांच्या मंडपात, तिथून आतल्या दालनात. प्रत्येक टप्प्याला छत खाली येतं, जमीन थोडी चढते, अंधार दाटतो आणि शेवटी गाभारा. सिन्नरच्या गोंदेश्वराच्या सभामंडपातून गाभाऱ्याकडे जाताना अंगावर येतो तसाच गारवा. आईनं चपला काढायला हात खाली नेला होता.

पण खरी गोष्ट कोम ओम्बोची. एका देवळात दोन देव, मगरीच्या तोंडाचा सोबेक आणि थोरला होरस. दोघांना वेगळी दारं, वेगळे गाभारे. आवारात एक खोल गोल विहीर आहे. गाइड म्हणाला, पुराचं पाणी इथं मोजायचे. पाणी किती चढलं यावरून पुढचं पीक कसं येणार याचा अंदाज यायचा आणि त्यावर शेतसारा ठरायचा. आई चटकन म्हणाली, "अरे, हा तर यांचा दुतोंड्या मारुती!"

नाशिकबाहेरच्यांसाठी सांगतो. रामकुंडाजवळ गोदेच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं गाव एकच विचारतं: मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. पुराचं आमचं माप तेच. आईचा जन्म पंचवटीतला, तिनं आयुष्यभर हे माप ऐकलंय.

त्यानंतर ती प्रत्येक देवळात पाणी कुठवर यायचं ते विचारू लागली. अस्वानला एलिफंटाइन बेटावर नदीत उतरणारा जिना आहे, त्याच्या भिंतीवर मापाच्या खुणा आहेत. तिथं ती बराच वेळ उभी होती. १९७० मध्ये अस्वानचं मोठं धरण पुरं झालं आणि धरणाच्या खालच्या बाजूला येणारा दरवर्षीचा पूर कायमचा थांबला. "म्हणजे आता खुणा नुसत्याच?" असं तिनं विचारलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अस्वानजवळच्या फिले बेटावरच्या इसिस देवीच्या देवळाला तर धरणांमुळे जाग्यावरून हलावं लागलं. देऊळ पाण्यात जात होतं म्हणून दगड दगड सुटा करून शेजारच्या अगिल्किया बेटावर उभं केलं. होडीतून जावं लागतं, उतरताना हात धरा. चित्रलिपीतला आपल्याला माहीत असलेला शेवटचा लेख तिथलाच, इ.स. ३९४ चा. आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांतला सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा लेख त्याच्याही आधीचा, दुसऱ्या शतकातला. हे सांगितल्यावर आईला फिले एकदम जवळचं वाटलं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जा. जेवणाची काळजी नको: फूल (कडधान्याची उसळ), तामिया (त्याचेच वडे), कोशारी (भात-मसूर-मॅकरोनी) सगळं शाकाहारी, तरी मेतकूट बरोबर असू द्या. एडफूला घोडागाडी मिळते. घोड्यांची दशा आईला बघवेना, म्हणून आम्ही रिक्षा केली. आणि कोम ओम्बोला बोट बहुतेक संध्याकाळी लागते. गर्दीबरोबर मगरींच्या ममी बघायला लगेच जाऊ नका, विहीर आधी पाहा. अंधार पडला की तळ दिसत नाही.