जॉन वुडन स्वतःला शिक्षक म्हणवून घेत, हा निव्वळ विनय होता का?

यूसीएलए या अमेरिकी विद्यापीठाला 10 राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देणारे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वुडन स्वतःला आधी शिक्षक का म्हणवत, आणि त्यात विनयाचा भाग किती होता, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तो विनय नव्हता, वस्तुस्थिती होती.

इंडियानात जन्मलेल्या वुडन यांनी 1932 मध्ये परड्यू विद्यापीठातून इंग्रजीची पदवी घेतली आणि केंटकीतील डेटन हायस्कूलमध्ये नोकरी धरली. तिथे ते इंग्रजी शिकवत आणि संघही सांभाळत. पहिल्याच हंगामात संघ जिंकला त्यापेक्षा जास्त वेळा हरला. पुढच्या सगळ्या कारकिर्दीत तशी वेळ पुन्हा आली नाही. त्यानंतर साउथ बेंड येथील शाळेत, मुलांना मनासारखे गुण मिळाले नाहीत म्हणून कुरकुरणारे पालक पाहून, यशाची व्याख्या गुणपत्रिकेबाहेर शोधायला हवी असे त्यांना वाटू लागले. त्यांचा पुढे गाजलेला 15 ठोकळ्यांचा ‘यशाचा पिरॅमिड’ या विचारातून आकाराला आला, म्हणजे त्याचे मूळ मैदानात नसून वर्गात आहे.

सरावातही हीच शिस्त दिसते. रोज सकाळी ते सहायकांसोबत बसून त्या दिवसाच्या सरावाचे मिनिटामिनिटाचे टाचण छोट्या कार्डावर लिहीत. हंगामाच्या पहिल्या दिवशी, नावाजलेल्या खेळाडूंनासुद्धा, मोजे कसे चढवायचे हे ते शिकवत: टाचेशी आणि बोटांशी एकही सुरकुती राहता कामा नये, कारण सुरकुतीने फोड येतो आणि फोड आलेला खेळाडू बाकावर बसतो. गॅलिमोर आणि थार्प या मानसशास्त्रज्ञांनी 1974-75 च्या हंगामात, म्हणजे वुडन यांच्या निवृत्तीच्या वर्षी, सरावातील त्यांच्या 2326 कृती-उक्तींची नोंद केली. कौतुक सुमारे 7 टक्के, नाराजी जवळपास तेवढीच आणि तीन-चतुर्थांश भाग काय करायचे व कसे करायचे हे सांगणारा. चूक दिसली की ते योग्य कृती करून दाखवत, मग खेळाडूची चूक हुबेहूब वठवत आणि लगेच पुन्हा योग्य कृती; सगळे मिळून काही सेकंदांत. मैदानाच्या कडेला उभे राहून नुसते ओरडणाऱ्या प्रशिक्षकांनी (आपल्याकडे त्यांची वानवा नाही) हे आकडे जरूर पाहावेत.

इंडियाना स्टेट या महाविद्यालयाचे प्रशिक्षक असताना, 1947 मध्ये, क्लॅरेन्स वॉकर या कृष्णवर्णीय खेळाडूला प्रवेश नाही म्हणून त्यांनी राष्ट्रीय स्पर्धेचे आमंत्रणच नाकारले. पुढच्या वर्षी नियम बदलला आणि वॉकर त्या स्पर्धेत खेळला.

यूसीएलएत ते 1948 मध्ये आले. पहिले विजेतेपद मात्र 1964 मध्ये, आणि तेही सुरुवातीच्या पाचांत साडेसहा फुटांचा एकही खेळाडू नसताना, मैदानभर दबाव टाकणाऱ्या बचावाच्या बळावर. नंतर अल्सिंडर (पुढे करीम अब्दुल-जब्बार) आणि बिल वॉल्टन यांच्यासारखे असामान्य खेळाडू लाभले, त्यामुळे 1967 ते 1973 या सलग सात विजेतेपदांचे सारे श्रेय अध्यापनाला देणे बरोबर ठरणार नाही. एका धनाढ्य पाठीराख्याकडून खेळाडूंना नियमबाह्य मदत मिळत असताना वुडन यांनी तिकडे पुरेसे लक्ष दिले नाही, हा आक्षेपही मला रास्त वाटतो. म्हणून त्यांचे अध्यापन पारखायचे असेल, तर मी त्या सात वर्षांकडे नव्हे, 1964 च्या बुटक्या संघाकडे बोट दाखवीन.