उंचावरच्या विमानातून मोबाईलला रेंज देता येते का? कोल्हापूरच्या पुरात, गगनबावड्याकडे त्याचा उपयोग होईल का?

देता येते, तीही आपल्या साध्या 4जी फोनवर. मी कोल्हापुरात टॉवरवर अँटेना बसवायचं काम करतो, म्हणून अँटेनाच्या बाजूनं सांगतो. खरी अडचण तिथंच आहे.

ही विमानं साधारण 20 किलोमीटर उंचीवर, पावसाळी ढगांच्याही वर घिरट्या घालतात. मधे आडवं काही येत नाही, म्हणून इतक्या लांबून फोन बोलू शकतो. टॉवरवर आम्ही अँटेनाचं पॅनेल पान्यानं चार-पाच अंश खाली झुकवलं, नट आवळले, की विषय संपला. विमान मात्र वळताना कलतं आणि त्याच्याबरोबर अँटेनाही. अँटेनातून जमिनीवर पडणारे सिग्नलचे झोत, म्हणजे बीम, तसेच सोडले तर ते गावांवरून सरकत जातील आणि फोन सारखे या बीमवरून त्या बीमवर जात राहतील. म्हणून शेकडो छोट्या अँटेना एकत्र बसवतात आणि प्रत्येकीच्या सिग्नलची फेज, म्हणजे लहर किंचित मागे-पुढे, क्षणोक्षणी बदलून बीम जमिनीवर जागच्या जागी धरतात. 2020 मध्ये इंग्लंडमध्ये अशा अँटेनाची रचना जाहीर झाली: 3 मीटर लांबी-रुंदी, 480 बीम, 140 किलोमीटर व्यासाचा टापू.

या टापूच्या कडेला हाल होतात. तिथून विमान 73 किलोमीटर पडतं, सिग्नल विमानाच्या बरोबर खाली असतो त्यापेक्षा तेरा पट क्षीण. शिवाय सपाट पॅनेल तिथून तिरकं दिसतं, म्हणजे जिथं जोर हवा तिथंच तो कमी.

आणि वजन! ती अँटेनाच 120 किलोची. 2022 मध्ये सौरऊर्जेवर 64 दिवस उडालेलं 'झेफायर' हे विमान अख्खं 75 किलोच्या आत होतं.

गगनबावड्याचं म्हणाल तर विमान कोल्हापूर शहरावर असताना तिथून ते क्षितिजाच्या वर वीसेक अंशांवरच असेल. त्यामुळे डोंगराला अगदी चिकटून असलेल्या वाड्यांना डोंगर आड येऊन रेंज मिळणार नाही. विमान आणखी पश्चिमेला फिरवावं लागेल.

पुरासाठी मात्र हे यावं असं मला मनापासून वाटतं. 2019 सारखं पाणी आलं की लाईट जाते, टॉवरच्या बॅटऱ्या उतरतात, जनरेटरला डिझेल पोचत नाही, आणि नेमकं तेव्हाच शिरोळकडच्या माणसाला बोटीसाठी फोन लावायचा असतो. 2017 च्या वादळानंतर पोर्तो रिकोत 'लून' या गूगलच्या मूळ कंपनीच्या प्रकल्पाच्या फुग्यांनी अशीच रेंज पुरवली होती. फक्त विमानाला नेटवर्कशी जोडणारं जमिनीवरचं स्टेशन नदीकाठी नको, पन्हाळ्यासारख्या उंचीवर हवं.