एकच वर्ष उरलंय, कॉलेज सोडू का?

ताई,

मी वीस वर्षांची आहे. वाणिज्य शाखेच्या तीन वर्षांच्या पदवीतली दोन वर्षं झाली, एक उरलंय. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. फीसाठी कर्ज काढलंय, जामीन बाबा आहेत. वर्गात सर जुन्या नोट्स वाचून दाखवतात आणि आम्ही त्या उतरवून घेतो. संध्याकाळी मी एका अकाउंटंटच्या ऑफिसात अर्धवेळ काम करते. खरं काही शिकले असेन तर तिथेच. बँकेच्या स्टेटमेंटशी वह्या जुळवायला दिल्या होत्या आणि फरक काही केल्या सापडत नव्हता, तेव्हा तिथल्या सीनियर मॅडम म्हणाल्या, ‘फरकाला नऊने भाग जातोय का बघ. जात असेल तर कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत.’ पाच मिनिटांत चूक सापडली. असं काही कॉलेजात कुणी सांगितलं नाही. आता साहेब म्हणतात, पूर्णवेळ ये. शाळेनंतर शिक्षण सोडलेल्या माझ्या मैत्रिणीच्या खात्यात पैसे साठतायत आणि माझ्या नावावर कर्ज. घरी विषय काढला की आई रडते, बाबा बोलणंच टाकतात. कॉलेजवर एवढा वेळ आणि पैसा घालण्यात खरंच अर्थ आहे का? आणि असा विचार मनात येतो म्हणजे मी कृतघ्न आहे का?

– अधांतरी

*

आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तोच तुला जास्त छळतोय असं पत्रावरून दिसतं. नाही, तू कृतघ्न नाहीस. बाबांनी जामीन राहून उभा केलेला पैसा वाया तर जात नाही ना, ही काळजी कृतघ्न मुलीला पडत नाही.

माझं मतही लगेच सांगून टाकते. राहिलेलं वर्ष पूर्ण कर. ऑफिसातलं अर्धवेळ काम सोडू नकोस. मात्र गेली दोन वर्षं कॉलेज ज्या पद्धतीनं केलंस, त्या पद्धतीनं तिसरं करू नकोस.

आता यामागची कारणं. ‘दोन वर्षं घातलीच आहेत, आता कशाला सोडतेस’ असं तुला घरचे म्हणत असतील. हे कारण तू मनातून काढून टाक. ती दोन वर्षं आणि त्यांची फी तू राहिलीस तरी गेली आणि सोडलंस तरी गेली. त्यांच्यासाठी म्हणून तिसरं वर्ष करण्यात काही अर्थ नाही. तुझ्यापुढचा हिशेब फक्त एका वर्षाचा आहे: एका वर्षाची फी, आणि पूर्णवेळ नोकरी केली असतीस तर जो जास्तीचा पगार हाती आला असता तो. एवढंच तू घालतेस. त्याच्या बदल्यात काय मिळतं, ते बघू.

शिकलेले लोक जास्त कमावतात, हे सगळेच सांगतात. जगभरच्या आकडेवारीची सरासरी काढली तर शिक्षणाच्या एका जास्तीच्या वर्षामागे कमाई सुमारे ९ टक्क्यांनी वाढलेली दिसते. पण तुझ्यासारख्या मुलीनं इथे हटकून विचारलं पाहिजे की ही वाढ शिक्षणामुळे, की मुळातच हुशार आणि सुस्थितीतली मुलं जास्त शिकतात म्हणून? अर्थशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा फार पिच्छा पुरवला आहे. १९९१ साली ॲशनफेल्टर आणि क्रूगर हे दोघे अमेरिकेत ओहायोमधल्या ट्विन्सबर्गला जुळ्यांच्या वार्षिक मेळाव्यात प्रश्नावली घेऊन गेले. एकाच घरात वाढलेल्या, दिसायलाही सारख्या भावंडांना त्यांनी वेगवेगळं बसवून विचारलं की तू किती शिकलास, तुझं भावंड किती शिकलं आणि तू किती कमावतोस. दुसऱ्याचं शिक्षणही विचारलं, म्हणजे कुणी फुगवून सांगितलं तर पकडता यावं. जे भावंड जास्त शिकलं होतं त्याची कमाई सरस निघाली. म्हणजे शिक्षणाचा म्हणून काही हिस्सा नक्की आहे, सगळंच घराण्याचं आणि बुद्धीचं देणं नाही.

पण सरासरीवर मी तुला निर्णय घ्यायला सांगणार नाही. सरासरीत डॉक्टरही येतात आणि पदवी घेऊन पदवी न लागणारं काम करणारेही येतात. तुझ्या बाबतीत खरी गोष्ट आहे ती उरलेल्या वर्षाची.

अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये एक विचार मांडला, पुढे त्यांना नोबेलही मिळालं. नोकरी देणाऱ्याला उमेदवाराच्या आत काय आहे ते दिसत नाही, म्हणून तो पदवीकडे खूण म्हणून बघतो. या माणसानं घेतलेलं काम तडीस नेलं, कंटाळवाणं होतं तरी नेलं, एवढं त्या कागदावरून त्याला कळतं. कॉलेजात काय शिकवलं हा प्रश्न बाजूला ठेवला तरी कागदाला किंमत येते ती अशी. हे मला अन्यायाचं वाटतं. पण आहे हे असं आहे, आणि त्याचा तुझ्या निर्णयाशी सरळ संबंध आहे. पगाराची आकडेवारी वर्षागणिक तपासली तर उडी दिसते ती पदवी हातात पडते त्या वर्षी. तीनपैकी दोन वर्षं करून सोडणाऱ्याला फायद्याचा दोन तृतीयांश भाग मिळत नाही, त्याहून पुष्कळ कमी मिळतो. तुझं तिसरं वर्ष म्हणूनच तिन्ही वर्षांतलं सगळ्यात स्वस्त आहे.

कर्जाचंही तसंच. अमेरिकेत शैक्षणिक कर्जाचे हप्ते कोण थकवतं हे पाहिलं तेव्हा असं आढळलं की मोठं कर्ज काढून पदवी पूर्ण केलेल्यांपेक्षा लहान कर्ज काढून मध्येच सोडलेल्यांचं थकण्याचं प्रमाण जास्त आहे. कर्ज आहे आणि पदवी नाही, ही सगळ्यात वाईट जागा. आज तू नेमकी तिच्या उंबरठ्यावर उभी आहेस, म्हणून मी इतकं ठामपणे लिहितेय.

‘हल्ली कंपन्या पदवी विचारत नाहीत’ हेही तुझ्या कानावर आलं असेल. जाहिरातींतून बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी पदवीची अट काढली हे खरं. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि नोकऱ्यांच्या बाजाराचा अभ्यास करणारी बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांनी २०२४ मध्ये प्रत्यक्ष भरती तपासली, तेव्हा या बदलाचा फायदा अमेरिकेतल्या दर ७०० नेमणुकांमागे एकीलाही धड झालेला नव्हता. अट जाहिरातीतून गेली, निवडणाऱ्याच्या डोक्यातून गेली नाही. आणि तुझ्या क्षेत्रात तर ऑडिटच्या अहवालावर सही करण्याचा अधिकार पात्रता मिळवलेल्यालाच असतो. सीनियर मॅडम किती शिकल्यात, हे एकदा विचारून बघ.

बिल गेट्स यांचं उदाहरण कुणी दिलं तर एवढंच लक्षात ठेव की १९६८ साली, जेव्हा कित्येक विद्यापीठांतही विद्यार्थ्यांना संगणकाला हात लावायला मिळत नव्हता, तेव्हा त्यांच्या शाळेत दूरच्या संगणकाला जोडलेलं टर्मिनल होतं, आणि १९७५ मध्ये हार्वर्ड सोडताना त्यांच्या हातात चालू धंदा होता. तुझ्या हातात अशी काही वेळेची वस्तू असती, जी वर्षभर थांबूच शकत नाही, तर मी वेगळं लिहिलं असतं. हिशेबनिसाची नोकरी थांबू शकते.

तुझ्या मैत्रिणीचं काही चुकलेलं नाही, हेही सांगते. हाच प्रश्न तू पहिल्या वर्षाच्या आधी विचारला असतास तर माझं उत्तर कदाचित दुसरं असतं. स्वित्झर्लंडमध्ये सक्तीची शाळा संपल्यावर सुमारे दोन तृतीयांश मुलं कामातून शिकण्याचा रस्ता धरतात. आठवड्यातले काही दिवस कंपनीत पगारी उमेदवारी, उरलेले व्यवसाय शाळेत, आणि पुढे वाटलं तर उच्च शिक्षणाचं दारही उघडं. तिथे या रस्त्याला कुणी कमी लेखत नाही. अडचण अशी की जिथे तो रस्ता नीट बांधलेला नाही, तिथे शाळेनंतर काम धरलेला माणूस कामातच अडकतो, पुढची पायरी कुठे आहे ते त्याला सापडत नाही. मैत्रीण आज पुढे आहे. दहा वर्षांनी कोण कुठे असेल, ते तिच्या आजच्या शिलकीवरून ठरवता येत नाही.

आता नऊच्या भागाकाराकडे येते. तुझ्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच. कुणी ५४० च्या जागी ४५० लिहिलं तर फरक पडतो ९० चा, आणि ९० ला नऊने भाग जातो. पण दर वेळी का जातो? शेजारचे दोन अंक आपापली जागा बदलतात तेव्हा एकाची किंमत दसपट होते आणि दुसऱ्याची एक दशांश उरते, त्यामुळे फरक नेहमी त्या अंकांमधल्या अंतराच्या नऊपट भरतो, जागेनुसार पुढे शून्यं लागतील तेवढीच. ऑफिसानं तुला युक्ती दिली. तिच्यामागचं कारण ज्याला कळतं, त्याला हेही कळतं की ती कुठे चालणार नाही: एन्ट्री राहूनच गेली असेल, किंवा दोनदा पडली असेल, तर नऊचा काही उपयोग नाही, किंवा योगायोगानं भाग गेला तर उलट दिशाभूलच. वह्या जुळवण्याचं काम आता सॉफ्टवेअर बऱ्यापैकी करतं आणि पुढे आणखी करेल. माणसाकडे उरणार ते ‘हा फरक का पडला आणि तो संशयास्पद आहे का’ हे ठरवण्याचं काम. त्यासाठी कायदा, खर्चाची तत्त्वं, थोडं संख्याशास्त्र लागतं, आणि ते सगळं तुझ्या अभ्यासक्रमात आहे. सर वाचून दाखवत असले तरी पुस्तकात आहे.

म्हणूनच म्हटलं की तिसरं वर्ष तसंच करू नकोस. कॉलेज म्हणजे तो एकच वर्ग नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये ३० हजारांहून जास्त पदवीधरांची पाहणी झाली, गॅलप आणि पर्ड्यू विद्यापीठाची. कॉलेज किती नावाजलेलं होतं याचा पुढे कामात रमण्याशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो याचा, की आपली काळजी करणारा, विषयाची गोडी लावणारा, पाठीवर हात ठेवणारा एखादा शिक्षक मिळाला होता का. दोन वर्षांत तू एकाही शिक्षकाच्या दारात प्रश्न घेऊन गेली आहेस का? पत्रात तसा उल्लेख नाही. नोट्स वाचणारे सर नकोत, पण दुसरं कुणीतरी असेलच, ज्यांच्या तासाला तू मान वर करून बसतेस. त्यांच्याकडे ऑफिसातलं खरं प्रकरण घेऊन जा, नावं झाकून. बहुतेक शिक्षक अशा विद्यार्थ्याची वाट बघत असतात.

तू घरातली पहिली आहेस, म्हणून हे तुझ्यासाठी जास्तच महत्त्वाचं. जुळ्यांकडे गेलेल्या त्याच क्रूगर यांनी डेल यांच्यासोबत नामांकित कॉलेजांचा अभ्यास केला, त्यात असं निघालं की तितक्याच तोडीच्या मुलांना कॉलेजच्या नावानं पुढे फारसा फरक पडत नाही. अपवाद काही गटांचे, आणि त्यात कमी शिकलेल्या आईवडिलांची मुलं होती. असं का, याचा मला पटणारा अर्थ हा: ज्यांच्या घरात आधीच वकील, मॅनेजर, प्राध्यापकांचं येणंजाणं असतं त्यांना कॉलेज नव्या ओळखी देत नाही. तुझ्यासारखीला देतं. त्या ओळखी आपणहून चालत येत नाहीत, उठून कराव्या लागतात.

आता कामाचं. या आठवड्यात बँकेत जा आणि विचार की अभ्यासक्रम मध्येच सोडला तर हप्ते कधी सुरू होतात, पूर्ण केला तर कधी, आणि शिकत असतानाचं व्याज मुद्दलात मिळवलं जातं का. बऱ्याच ठिकाणी सोडलं की हप्ते न भरण्याच्या सवलतीचा काळ तिथूनच मोजायला लागतात. फी हप्त्यानं भरता येते का, हे कॉलेजात विचार. अर्धवेळ पगारातला जमेल तेवढा भाग तिकडे घाल, म्हणजे शेवटच्या वर्षासाठी कर्ज वाढणार नाही किंवा कमी वाढेल. साहेबांना सांग की परीक्षा झाल्यावर मी पूर्णवेळ येईन, तोवर तास थोडे वाढवून द्या आणि जुळवणीशिवाय दुसरं काही शिकवा. ज्यांना तू खरोखर हवी आहेस ते वर्षभर थांबतील. ‘आत्ता नाहीतर कधीच नाही’ असं म्हणाले तर ते काम कोणीही करू शकेल असं त्यांनाही वाटतंय, हे ओळख.

दोन परिस्थितींत मात्र मी माझं म्हणणं मागे घेईन. शेवटच्या वर्षासाठी बाबांना आणखी महागडं खासगी कर्ज काढावं लागणार असेल, तर वर्षभर काम करून पैसे जमव आणि मग परत जा. मात्र आधी कॉलेजकडून लेखी घे की प्रवेश कायम राहील आणि आधीचे गुण धरले जातील. आणि तुझा कंटाळा हा नुसता कंटाळा नसून झोप उडणं, कशातच मन न लागणं, सकाळी उठावंसंच न वाटणं असं काही असेल, तर आधी डॉक्टरांना भेट, कॉलेजचं नंतर बघू.

राहिले बाबा. ते बोलणं टाकतात ते बहुधा रागानं नाही. कर्जाच्या कागदावर सही करताना त्यांनी मनात काहीतरी पक्कं धरलं असणार, आणि ‘सोडते’ हा शब्द ऐकला की ते हातातून सुटल्यासारखं त्यांना वाटत असेल. त्यांच्यासमोर तोंडी विषय काढू नकोस. बँकेतून उत्तरं आली की एका कागदावर लिही: किती कर्ज, किती व्याज, हप्ता कधीपासून, माझा पगार किती, त्यातला किती मी देईन. तो कागद त्यांच्याकडे दे आणि आकडे बरोबर आहेत का एवढंच विचार. आईलाही सोबत बसव.