उत्तर: नॉर्वेहून आलेल्या पेटीला कुठलं तेल लावू?

तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. यजमानांच्या पणजीची रंगवलेली पेटी विस्कॉन्सिनच्या घरात तळघरात सापडली, फुलं काळवंडलीत, रंगाचे पोपडे सुटतायत. सासूबाईंच्या पंचाहत्तरीला ती 'नव्यासारखी' करून हॉलमध्ये मांडायची आहे. जवसाचं तेल चालेल का आणि फुलं पुन्हा कोण रंगवून देईल, असं विचारलंयत. तेल नको. आणि रंगवणं तर मुळीच नको.

सागवानी पाटाला, देव्हाऱ्याला तेल पाजायची आपली सवय, त्यामुळे सुचणं साहजिक आहे. पण ही पेटी बहुतेक पाइनची असणार आणि वर रंगाचा थर आहे. जवसाचं तेल मळासकट सुकून कडक होतं, वर्षागणिक पिवळट तपकिरी पडतं आणि मग निघता निघत नाही. तुमची काळवंडलेली फुलं कदाचित कुणीतरी पूर्वी प्रेमाने चोळलेल्या तेलाचाच प्रताप असतील.

आता आमचं रामायण. आमची पेटी नॉर्वेतल्या टेलेमार्कची, नवऱ्याच्या आजोळची. माझी मुलं अर्धी नॉर्वेजियन, अर्धी सांगलीची. सतरा मेला, म्हणजे नॉर्वेच्या संविधान दिनाला, सगळं सासर आमच्याकडे जमणार होतं, तोवर पेटी नीट व्हावी एवढीच इच्छा. जुनं फर्निचर दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात दिली. नाव लिहीत नाही. पावतीवर 'क्लीन अँड सील' असं लिहिलेलं. लोखंडी पट्ट्या घट्ट करतील, मळ काढतील, असं आम्ही धरून चाललो. त्यांनी अख्ख्या पेटीवर पॉलियुरेथेन, म्हणजे प्लास्टिकसारखं चकचकीत व्हार्निश, फासलं!

बाजूने ऊन पडलं की बघवत नाही. ब्रशचे केस आत चिकटलेत, बोटभर लांबीची ओघळ सुकून बसलीय. निळ्या पाकळीचा एक पोपडा निसटून नखभर पलीकडे पालथा पडला होता, तो तसाच, लाकडाची बाजू वर करून, कायमचा बंदिस्त झालाय. मालकाला दाखवलं तर म्हणे, चमकतेय ना छान? भरपाई मागितली तर पावतीच्या मागची बारीक अक्षरं पुढे केली. नंतर खऱ्या कन्झर्व्हेटरला, म्हणजे जुन्या वस्तू जतन करणाऱ्या तज्ज्ञ बाईला, दाखवली. ती म्हणाली, हे काढायला जे द्रावण लागेल ते आधी खालचा रंग खाईल. विषय संपला. वाचलं ते फक्त झाकणाच्या आतलं चित्र आणि आतला छोटा कप्पा, कारण दुकानदाराने तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

म्हणून माझं मत (तज्ज्ञ नाही, पोळलेली आहे): 'रिफिनिशिंग', म्हणजे जुन्यावर नवा थर चढवून चकाचक करणाऱ्याकडे रंगवलेली पेटी देऊच नका. अमेरिकन इन्स्टिट्यूट फॉर कन्झर्वेशनच्या साइटवर तज्ज्ञांची यादी आहे. त्यात रंगवलेल्या लाकडावर काम करणारे शोधा. काय लावणार, ते पुढे काढता येईल का आणि आधी कुठे चाचणी घेणार, हे लेखी घ्या. सुटलेला रंग चिकटवणं, मळ काढणं, बस. डॉलर चांगलेच लागतात, पण त्या दुकानानेही काही फुकट केलं नव्हतं. आणि सॅंडपेपर घरातही आणू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

पुन्हा रंगवण्याबद्दल अजून एक. तुमच्या पेटीवरची फुलं मुळातली आहेत की नंतरची, ते आधी बघून घ्या. रोझमालिंग, म्हणजे ही नॉर्वेची फुलापानांची रंगीत नक्षी, अमेरिकेत पुन्हा रुजलं ते विसाव्या शतकात. विस्कॉन्सिनमधल्या स्टॉटनचा पेर लिस्ने मूळचा घोडागाड्या रंगवणारा. मंदीत ते काम आटल्यावर थाळ्या रंगवू लागला आणि ती कला परत लोकांच्या घरात आली. त्यानंतर हौसेने रंगवलेल्या जुन्या पेट्याही असतात. झाकणाच्या आत उजेड पोचत नाही, त्यामुळे मूळ छटा तिथे दिसण्याची शक्यता जास्त.

अक्षरं असतील तर नीट वाचा. के. ओ. डी. असं असेल तर डी म्हणजे 'डॅटर', अमक्याची मुलगी. आडनाव समजून शोधत बसू नका. पेटीवरचं साल अमेरिकेच्या प्रवासाचंच असेल असंही नाही. बऱ्याच पेट्या आधी लग्नासाठी केलेल्या आणि मग अमेरिकेला आलेल्या. दोन सालं दिसली तरी गोंधळू नका. गाव कळलं की डिजिटालार्किव्हेटवर, म्हणजे नॉर्वेच्या सरकारी अभिलेखागाराच्या साइटवर, चर्चच्या नोंदी फुकट बघता येतात. फक्त शेत बदललं की आडनावही बदलायचं, तेव्हा नुसत्या आडनावावर विसंबू नका.

हॉलमध्ये ठेवाल ती हीटरच्या झडपेपासून लांब. विस्कॉन्सिनसारख्या थंड भागातल्या हिवाळ्यात घरातली हवा इतकी कोरडी होते की जुनं लाकूड तडकतं आणि रंग आणखी सुटतो.

पंचाहत्तरीसाठी घाई असेल तर पेटी आहे तशी, कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढून ठेवा, पण पोपड्यांना हात न लावता. नवं काही हवंच असेल तर तिच्यावरचीच नक्षी एखाद्या लाकडी थाळीवर रंगवून घ्या. आयोवात डेकोराला व्हेस्टरहाइम म्युझियम आहे, तिथे रोझमालिंगचे वर्ग चालतात. तिथून रंगवणारं कुणीतरी मिळेल. सासूबाई थाळीवरही खूश होतील. निदान माझ्या झाल्या असत्या.

झाकणाच्या आतला फोटो टाका. फ्लॅश बंद, टॉर्च बाजूने आडवा धरा, पुसट अक्षरं उठून येतात. नाव किंवा साल निघालं तर इथेच लिहा, शोधायला मदत करते.