कुळागरात गांडुळे नाहीत, शेतात तांबूस तवंग: जिवाणू कल्चर घालावे का?

ताई, तुमचा प्रश्न मी असा समजलो: गोव्यातल्या सत्तरीत सासऱ्यांचे कुळागर, म्हणजे पोफळीची (सुपारीची) बाग, आणि त्याच्या खालचे व्हाळाकाठचे, म्हणजे ओढ्याकाठचे, भातशेत तुमच्याकडे आले आहे. कुळागरात गांडुळे नावाला उरली आहेत आणि पोफळीच्या गेल्या वर्षीच्या झावळ्या अजून न कुजता पडून आहेत. शेतातल्या पाण्यावर रंगीत तवंग येतो, भाताची पाने तपकिरी पडतात. वरच्या अंगाला खाणीचा जुना डंप, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या मातीचा ढीग, आहे. दुकानदार जिवाणू कल्चरच्या बाटल्या घ्यायला सांगतो. त्यातले कोणते चांगले, असे तुम्ही विचारले आहे.

यंदा कोणतेच घेऊ नका. साधा हिशोब करा. चांगल्या कल्चरच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण दहा कोटी जिवाणू असतात. एक हेक्टर जमिनीची वरची वीतभर माती धरली तर ती सुमारे वीस लाख किलो भरते, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅममध्ये कमीत कमी तेवढेच जिवाणू आधीपासून आहेत. म्हणजे एका लिटरच्या बाटलीने तुम्ही दर वीस लाख जिवाणूंमागे एक पाहुणा आणून सोडता. जे मुरलेल्या स्थानिक जिवाणूंना सोसले नाही, ते या नवख्याला कसे सोसेल? आधी मातीत काय साचले आहे ते शोधायला हवे. तुमच्या वर्णनावरून कुळागराचे दुखणे एक आहे आणि शेताचे वेगळे. दोघांना एकच औषध दिलेत तर एकाचे बिघडेल.

आधी कुळागर. सासरे कोळेरोगासाठी, म्हणजे पावसाळ्यात सुपारी कुजवून गळवणाऱ्या रोगासाठी, दर पावसाळ्यात बोर्डो (मोरचूद-चुन्याचे द्रावण) मारत असणारच. आपल्याकडे पोफळी राखायच्या तर मिरगाच्या आधी पहिली फवारणी आणि पुढे चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दुसरी, हे ठरलेलेच. पाऊस थांबला नाही तर तिसरी. एक टक्का बोर्डो म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. मोरचुदात सुमारे पाव भाग शुद्ध तांबे असते. हेक्टरी हजार लिटर द्रावण लागते असे धरा: एका फवारणीत अडीच किलो तांबे, तीन फवारण्यांत साडेसात किलो. युरोपात द्राक्षमळ्यांच्या जमिनीत शंभर वर्षांहून अधिक काळ हेच तांबे साचत गेले. म्हणून युरोपीय संघाने 2019 पासून सात वर्षांत हेक्टरी 28 किलो, म्हणजे वर्षाला सरासरी 4 किलो, अशी मर्यादा घातली आहे. आपल्याकडे हा विचार कोणी करत नाही, आणि मला ते फार लागते, कारण बोर्डो म्हणजे निरुपद्रवी घरगुती औषध असेच आपण लहानपणापासून ऐकत आलो.

कीटकनाशक कितीही जहाल असले तरी त्याचा रेणू कधी ना कधी तुटतो. बहुतेक वेळा जिवाणूच तो तोडतात. तांबे हे मूलद्रव्य आहे, ते तुटत नाही. वरून पडलेले सगळे तांबे वीतभर मातीत राहिले असे मानले, तर वरच्या हिशोबाने किलोमागे वर्षाला पावणेचार मिलिग्रॅमची भर पडते. तीस वर्षांत ती शंभरच्या वर जाते. थोडे पाण्याबरोबर वाहून जाते, थोडे सुपारीबरोबर बाहेर पडते, पण बरेचसे तिथेच राहते.

गांडुळे तांब्याला फार नाजूक असतात. मुळांशी राहणाऱ्या उपयोगी बुरशीलाही ते सोसत नाही, आणि मोरचूद मुळात बुरशी मारण्यासाठीच वापरतात. झावळीतला काष्ठमय भाग कुजवण्याचे काम मुख्यतः बुरशीचे. ती दबली की झावळ्या पडून राहतात. तुम्ही जे पाहता आहात ते हेच असावे. जे जीव उरतात त्यांचीही बरीच शक्ती धातू पेशीबाहेर ढकलण्यात जाते. ते श्वास जास्त घेतात आणि वाढतात कमी. म्हणून मातीतून किती कार्बन डायऑक्साइड निघतो एवढेच मोजून माती जिवंत आहे असे कोणी सांगितले तर लगेच मानू नका.

धातूंचा परिणाम किती लांबतो याचा चांगला दाखला इंग्लंडमधल्या वोबर्न येथील प्रयोगात मिळतो. तिथे 1942 ते 1961 या काळात शेतात शहरी सांडपाण्याचा गाळ घातला होता. त्यात जस्त, तांबे, कॅडमियम असे धातू होते. गाळ थांबवून दोन दशके उलटल्यावरही तिथल्या क्लोव्हर या शेंगवर्गीय चाऱ्याच्या मुळांवर गाठी येत होत्या, पण त्या नत्र बांधत नव्हत्या. मुळाला चिकटणारे रायझोबियम (मुळांवर गाठी करून नत्र बांधणारे जिवाणू) उरले होते, काम करणारे नव्हते.

हे तुम्हाला घरच्या घरी तपासता येते. भात कापल्यावर आपण अळसांदे (चवळी) घालतोच. चार दाणे कुळागरात उजेड येतो अशा जागी पेरा, चार शेतात, आणि चार जिथे कधी काही फवारले नाही अशा जागी, उदाहरणार्थ परसात किंवा कुंपणापलीकडच्या रानमातीत. फुले येऊ लागली की रोप हळूच खणून काढा आणि गाठ नखाने चिरा. आतून गुलाबी-लाल असेल तर नत्र बांधणे चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर गाठ नुसती नावाची. तिसऱ्या जागेची तुलना मात्र चुकवू नका, तिच्याशिवाय या पाहणीला काही अर्थ नाही.

मग मृदा आरोग्य पत्रिका. त्यात तांब्याचा आकडा असतो, आणि नेमकी इथेच लोकांची फसगत होते. पत्रिका तांबे कमी आहे की पुरेसे एवढेच सांगते, जास्त झाले हे सांगत नाही. किलोमागे 0.2 मिलिग्रॅमच्या खाली कमतरता धरतात; तुमचा आकडा त्याच्या शंभरपट असला तरी शेरा ‘पुरेसे’ असाच येईल. तेव्हा शेरा सोडा, आकडा वाचा. त्याच्या शेजारी सामू (पीएच) आणि सेंद्रिय कर्ब पाहा. आपली जांभ्याची माती आधीच आम्ल, सामू पाच-साडेपाचच्या आसपास. सामू जितका खाली, तितके तांबे मातीच्या पाण्यात जास्त मोकळे आणि जिवांना तितकेच जास्त घातक. तेच तांबे सामू सव्वासहा-साडेसहाच्या जवळ नेल्यावर बरेचसे बांधले जाते.

म्हणून कुळागरात पहिले काम चुन्याचे. पावसाचा जोर ओसरल्यावर, प्रयोगशाळेने सांगितलेल्या मात्रेत, दोन-तीन वर्षांत विभागून द्या. शेणखत त्याच दिवशी घालू नका, चुन्यामुळे त्यातला नत्र अमोनिया होऊन उडतो. मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या. नंतर कुजलेले शेणखत, पालापाचोळा, झावळ्यांचे तुकडे जितके मिळतील तितके घाला. त्यातून तयार होणारा ह्युमस (कुजून उरलेला काळा सेंद्रिय भाग) तांब्याला घट्ट धरून ठेवतो, आणि जिवाणूंना खायलाही काही मिळते. युरियावर हात आखडता ठेवा. अमोनियाचे नायट्रेट होताना आम्लता वाढते आणि चुन्याने कमावलेले निसटते.

बोर्डो एकदम बंद करा असे मी म्हणणार नाही. कोळेरोगात बाग गेलेल्या माणसाला तो सल्ला कोणत्या तोंडाने द्यायचा? पण फवारा घडांवरच मारा, अख्ख्या झाडाला आंघोळ घालू नका. शक्य तिथे पावसाआधी घडांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधा, आणि गळलेली रोगट सुपारी उचलून बागेबाहेर न्या. आणखी एक जागा पाहून ठेवा: दरवर्षी जिथे पिंप ठेवून द्रावण कालवतात आणि पंप धुतात ती. तिथे गवतही उगवत नसेल तर तिथली माती बाकी कुळागरात पसरू नका, आणि धुण्याचे पाणी व्हाळाला लागू देऊ नका.

आता शेत. पाण्यावरचा तवंग काठीने मोडून पाहा. काचेसारखे तुकडे होऊन वेगळे राहिले तर ते लोह-जिवाणूंचे काम. लगेच परत जुळून आला तर तेल आहे, मग कोणाचे यंत्र गळते ते शोधा. मला पहिलेच वाटते. पाणी साचले की मातीतला ऑक्सिजन जिवाणू संपवतात, मग ते नायट्रेटकडे वळतात, मग मँगनीजकडे, मग लोहाकडे. लोहाचे विरघळणारे रूप तयार होते, ते भाताच्या मुळांत शिरते आणि पाने तपकिरी पडतात. इथे जिवाणू मेलेले नाहीत, उलट जोमाने काम करत आहेत.

डंपचा दोष किती? एक टन खनिजामागे अडीच-तीन टन माती बाजूला टाकली जायची, आणि 2012 मध्ये खाणींवर बंदी आली, 2018 मध्ये खाणींच्या 88 लीज रद्द झाल्या, तरी ते डोंगर जागेवरच राहिले. शेतात हातभर खड्डा खणा. वर गुळगुळीत लाल गाळाचे पापुद्रे आणि खाली काळपट जुनी माती दिसली, तर गाळ आलाच आहे. तो जहाल विष नसतो, पण त्यात सेंद्रिय कर्ब जवळपास नसतो. तो मातीची छिद्रे बुजवतो, पाणी अडवतो, आणि लोहाचे चक्र आणखी वेगाने फिरते.

म्हणून इथे ताजे शेण किंवा हिरवळीचे खत चिखलात गाडू नका. कुळागराला जे तारते ते इथे लोह आणखी मोकळे करते. पूर्ण कुजलेलेच घाला, तेही लावणीच्या बरेच आधी. कडेने चर काढा. वायंगणात, म्हणजे उन्हाळी भातात, फुटवे आल्यावर पाणी सोडून जमिनीला बारीक भेगा पडेपर्यंत सुकू द्या. पावसाळी भातात ते जमत नाही, तिथे चरांवरच भिस्त. पालाश कमी पडू देऊ नका, आणि गिरणीतली तुसाची राख मिळाली तर पसरा. आणि वरून येणारे डंपचे पाणी शेतात शिरण्याआधी एखाद्या खड्ड्यात थांबवून गाळ बसू द्या, नाहीतर हे सगळे दरवर्षी पहिल्यापासून करावे लागेल.

काजूत तणनाशक मारता का, हे तुम्ही लिहिले नाही. मारत असाल तर थांबवा. ग्लायफोसेटचा वापर केंद्राने 2022 मध्ये अधिसूचना काढून मर्यादित केलाच आहे, आणि काजूखालचे गवत कोयत्यानेही निघते.

नमुने तीन वेगळे घ्या: कुळागर, शेत, आणि काही न फवारलेली जागा. प्रत्येकात आठ-दहा ठिकाणची वीतभर खोलीची माती मिसळा, सावलीत सुकवा आणि कृषी खात्याच्या माती प्रयोगशाळेत किंवा जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत चौकशी करून द्या. घमेले, खोरे मोरचुदाच्या कामातले वापरू नका. सामू, सेंद्रिय कर्ब, तांबे, लोह आणि मँगनीज यांचे आकडे आले की इथे टाका, सोबत सासरे वर्षाला किती किलो मोरचूद आणायचे तेही लिहा. चुन्याचे प्रमाण मग एकत्र बसून ठरवू.